नेलपॉलिश रिमूव्हर आणि गरम इस्त्री एकत्र? अजिबात नको!

दहीहंडी झाली की ठाण्यात घरोघरी प्रायोजकाचं नाव छापलेले टी-शर्ट उरतात. ते नाव काढायचा एक सल्ला व्हॉट्सॲपवर फिरतोय: ‘छपाईवर नेलपॉलिश रिमूव्हर ओता, वरून गरम इस्त्री फिरवा. पाच मिनिटांत कुठलंही नाव निघतं, कापडाला काही होत नाही, उरलेला चिकटपणा गरम पाण्यात जातो.’

आधी जिवावरचं बोलू. रिमूव्हरमधलं ॲसिटोन 56 अंशांना उकळतं आणि त्याची वाफ उणे 20 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. ही वाफ हवेपेक्षा जड, म्हणून टेबलाभोवतीच साचते. इस्त्रीचा थर्मोस्टॅट टक् करून चालू-बंद होतो, तेव्हा आत पडणारी ठिणगी तिला पुरते. ‘ॲसिटोन-फ्री’ बाटलीत बहुधा इथाइल ॲसिटेट असतं, तेही सहज पेटतं. पावसाळ्यात खिडक्या लावलेल्या फ्लॅटमध्ये हा उद्योग म्हणजे आगीला आवताण.

‘कुठलंही नाव’ हेही खोटं. छपाईवरून नख फिरवून बघा. कडेला नख अडलं तर ते इस्त्रीने चिकटवलेलं व्हिनाइल (प्लास्टिकचा पातळ पापुद्रा) किंवा डीटीएफ (आधी फिल्मवर छापून मग कापडावर चिकटवलेली छपाई). ते बऱ्यापैकी निघतं. शाई विणीत मुरलेली दिसली तर स्क्रीन प्रिंट, घरी पूर्ण निघणं कठीण. हाताला काहीच लागत नसेल तर सब्लिमेशन: रंग सुमारे 200 अंशांना पॉलिएस्टरच्या धाग्यातच शिरलेला असतो. क्रिकेटच्या जर्सीवरची नावं बहुतेक अशीच. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

‘कापडाला काही होत नाही’? सुती कापड ॲसिटोन सोसतं. ॲसिटेट नावाच्या रेशमासारख्या कापडाचं अस्तर मात्र त्यात विरघळतं. पॉलिएस्टरवर कडक इस्त्री टेकली की चकाकी येते, ती कायमची. रंगीत रिमूव्हरचा डाग पडतो तो वेगळाच.

नख अडणाऱ्या छपाईचं काम होतं ते उष्णतेने, तेही उलट्या बाजूने. टी-शर्ट उलटा करा, आत जुना सुती पंचा घाला. वाफ बंद ठेवून इस्त्री दोन ठिपक्यांवर (सुमारे 150 अंश) आणा आणि छपाईच्या मागून 10 ते 15 सेकंद दाबून धरा, फिरवू नका. लगेच सुलटा करून चिमट्याने अक्षराचा कोपरा उचला आणि कापडाला जवळजवळ समांतर, हळू ओढा. वर खेचलं तर होजिअरी ताणते, भोक पडतं. थंड होऊन अडलं की थांबा, पुन्हा शेका. एकेक अक्षर धरलं तर छातीवरच्या नावाला अर्धा तास सहज जातो.

आता चिकटपणा. हा डिंक उष्णतेनेच मऊ होणारा. बादलीतल्या 50-60 अंशांच्या पाण्याने तो हलत नाही. त्यावर तपकिरी कागद ठेवून इस्त्री दाबा, बराचसा कागदाला लागतो. मग इस्त्रीचा प्लग काढा, ती पूर्ण गार होऊ द्या आणि खिडकी उघडा. कापसाच्या बोळ्याने मागच्या बाजूने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा (आधी शिवणीच्या आतल्या पट्टीवर रंग जातो का बघा), दोन-तीन मिनिटांनी चमच्याच्या बोथट कडेने खरवडा आणि भांड्यांच्या लिक्विडने धुवा.

जुन्या टी-शर्टवर त्यानंतरही अक्षरं गडद उमटलेली दिसतील. तिथलं कापड छपाईखाली झाकलेलं होतं, आजूबाजूचं उन्हाने आणि धुण्याने विटलंय. तो डाग नव्हे. घासत बसाल तर फक्त कापडाला गोळे येतील.