दिवा विझला नाही, म्हणून टाकीत उतरू नका

‘सेप्टिक टँक किंवा जुन्या विहिरीत उतरण्याआधी पेटता दिवा खाली सोडा. विझला नाही आणि वासही आला नाही, तर बिनधास्त उतरा. कुणी बेशुद्ध पडलंच, तर नाकाला ओला रुमाल बांधून लगेच त्याला वर काढा.’ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या या सल्ल्यातलं एकही वाक्य पाळण्यासारखं नाही.

आधी दिव्याचं. हवेत साधारण २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि आत उतरायचं तर तो किमान १९.५ टक्के हवा. मेणबत्ती मात्र १६-१७ टक्क्यांपर्यंत जळत राहते. वरच्यांना ज्योत दिसत असते आणि खाली उतरलेल्याचं डोकं एव्हाना सुन्न व्हायला लागलेलं असतं. विषारी वायू तर ज्योतीला कळतच नाही. हायड्रोजन सल्फाइड हवेत ०.०५ टक्के जरी असला तरी माणूस काही मिनिटांत कोसळतो. दिवा मात्र तेवत राहतो. शिवाय मिथेन ५ ते १५ टक्के साचला असेल, तर त्याच दिव्याने स्फोट होतो. १९४८च्या कारखाने अधिनियमाने अशा जागी ज्वालारोधक नसलेला दिवा नेण्याला मनाई केली, ती याचसाठी.

वासावर तर मुळीच विसंबू नका. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास अगदी थोड्या वायूलाही येतो, पण प्रमाण ०.०१ टक्क्याच्या (१०० पीपीएम) आसपास गेलं की नाकच बधिर होतं. ‘आता वास गेला’ म्हणत माणूस आणखी खाली उतरतो. विहिरीत डिझेल पंप चालवला की साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. आणि वरून सगळं ठीक वाटलं, तरी गाळात फावडं घातलं की अडकलेला वायू एकदम सुटतो. म्हणून गॅस डिटेक्टरने आधी वर, मध्ये, तळाशी मोजायचं आणि काम चालू असतानाही मोजत राहायचं.

ओल्या रुमालाने धूळ अडेल. वायू अडत नाही, ऑक्सिजनही मिळत नाही.

सगळ्यात घातक आहे ते ‘लगेच वर काढा’. एप्रिल २०२४मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या वाकडी गावात बायोगॅसच्या खड्ड्यासारख्या वापरल्या जाणाऱ्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एक उतरला, त्याच्यामागून एकेक जण. पाच जण गेले. वाचला तो कमरेला दोर बांधून उतरलेला माणूस. त्या पाचांना दोष देण्याचा मला हक्क नाही. आपलं माणूस तळाशी पडलेलं दिसलं की कुणाचे पाय थांबतील? म्हणूनच दोर, पट्टा आणि वर थांबणारा माणूस हे आधीच ठरलेलं हवं.

सोसायटीची टाकी असेल तर सक्शन गाडी बोलवा, आत कुणालाच उतरवू नका. संरक्षक साधनांशिवाय सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. कुणी आत पडलंच, तर त्याचा दोर वरूनच ओढा. दोर नसेल तर ११२ला फोन करा, बाहेरून ताजी हवा सोडा आणि श्वसनसंच घातलेले अग्निशमन जवान येईपर्यंत दुसऱ्या कुणालाही काठावर येऊ देऊ नका.