जमिनीखालचा खडक कुणाच्या खात्यात?

बांधकामाच्या करारात एक वाक्य हमखास असतं: 'कंत्राटदाराने जागेची पूर्ण पाहणी केली आहे असे गृहीत धरण्यात येईल.' हे वाक्य वाचलं की मला वाटतं, भांडणाचा पाया इथेच खोदला गेला. निविदा भरायला मिळतात जेमतेम काही आठवडे. तेवढ्यात परक्या जमिनीत खाली काय आहे ते तपासायला बोअर कोण घेणार? जमीन ज्याच्या ताब्यात आहे, त्यानेच ते आधी घ्यायला हवेत.

मालकाला वाटतं, जोखीम फुकटात गळ्यातून उतरली. ती उतरत नाही. जाणता कंत्राटदार खडक धरून दर चढवतो. बेफिकीर माणूस मुरूम धरून भरतो, त्याचा दर कमी येतो आणि काम त्यालाच मिळतं. म्हणजे हे कलम नेमका चुकीचा माणूस निवडून देतं! पुढे दीड मीटरवर खडक लागतो, पत्रापत्री सुरू होते आणि भाड्याचं मशीन खड्ड्याकाठी उभं राहतं.

मजूर, यंत्रं, कामाची पद्धत ही जोखीम कंत्राटदाराचीच. त्यात सूट नको. पण जे त्याच्या हातात नाही ते त्याच्या माथी मारू नये.

दंडाचंही तसंच. उशिराला दंड सगळेच लिहितात, लवकर संपवल्याचं बक्षीस फार थोडे. १९९४च्या भूकंपात लॉस एंजेलिसमधल्या सांता मोनिका फ्रीवेचे पूल पडले, तेव्हा करारात मुदत १४० दिवसांची होती आणि लवकर संपवलेल्या प्रत्येक दिवसाला २ लाख डॉलर बक्षीस. काम ६६ दिवसांत झालं. रस्ता बंद राहण्याचं रोजचं नुकसान प्रचंड होतं, म्हणून ते बक्षीस परवडलं. प्रत्येक कामावर परवडेलच असं नाही.

अडचण आल्याची सूचना कंत्राटदाराने कधी द्यायची, या कलमाबद्दल माझं मत ठाम आहे. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९च्या रेड बुकात, म्हणजे बांधकाम कराराच्या नमुन्यात, २८ दिवसांत सूचना दिली नाही तर जादा पैशांचा किंवा मुदतीचा दावा बुडतो. मला एनईसी या ब्रिटिश नमुना करारांची रीत जास्त पटते: अडचण दिसताच दोघांपैकी ज्याला दिसली त्याने लगेच सांगायचं, मग एकत्र बसून मार्ग काढायचा.

एका कामावर आम्ही दरपत्रकात 'कठीण खडक लागल्यास' अशी बाब आधीच दरासह घातली होती. सकाळी खडक लागला. दोन्हीकडच्या इंजिनीअरांनी टेप धरून पातळी मोजली, मोजमाप पुस्तकात सह्या केल्या. दुपारी खडक फोडायचा ब्रेकर सुरू झाला.