परीक्षक व्हायला कोण तयार आहे?

नणंद-भावजयीच्या भांडणात मध्ये पडायचं नाही, हे मला आईने वेळेवर सांगितलं होतं. त्यांच्या स्पर्धेत परीक्षक व्हायचं नाही, हे सांगायचं मात्र तिच्याकडून राहून गेलं.

बायको गिरगावची. तिच्या मते सँडविच कच्चंच खायचं. पांढरा ब्रेड, बटर, हिरवी चटणी, उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, कांदा. कडा कापायच्या आणि सहा तुकडे करायचे. यावर ताई म्हणाली, "अगं, ही तर कोशिंबीर झाली. ब्रेडमध्ये घातलेली." ताईच्या मते बटाट्याची भाजी भरून, चिमट्याच्या टोस्टरमध्ये दाबून, गॅसवर खरपूस भाजलं तरच ते सँडविच.

"ताई, तो बटाटेवडा हो. नुसता चौकोनी."

"मग होऊन जाऊ दे रविवारी," असं बाबा म्हणाले. परीक्षक मात्र मी झालो, कारण बाबांचं बटर डॉक्टरांनी बंद केलंय.

ब्रेड शनिवारीच आला. ताजा लुसलुशीत ब्रेड सुरीखाली चेपतो, म्हणून बायकोला आदल्या दिवशीचाच हवा होता. रविवारी सकाळी पहिली चकमक मिक्सरच्या छोट्या भांड्यावरून उडाली, कारण घरात ते एकच. बायकोने चटणी हिरवीगार राहावी म्हणून बर्फ आणि लिंबू घातलं, पाणी सुटू नये म्हणून मूठभर डाळं घातलं. "डाळं घालून चटणी वाढवतात होय तुमच्याकडे?" ताईने अगदी सहज विचारलं आणि स्वतःच्या चटणीत लसूण सोलून टाकला.

मग बटर. बायको ते कडेपासून कडेपर्यंत लावते, कोपरेसुद्धा सोडत नाही. चटणीचं पाणी आत शिरलं की ब्रेडचा लगदा होतो म्हणे. आमच्या सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग कुणी इतक्या निष्ठेने केलं असतं, तर वरच्या मजल्यावर पावसाळ्यात बादल्या लागल्या नसत्या. मसाला अगदी शेवटी, कारण मीठ लागलं की काकडी-टोमॅटोला पाणी सुटतं. वेगळं मीठ तर नाहीच. बटर मुळातच खारट.

ताईचा टोस्टर आईच्या वेळचा. त्याची एक मूठ कधीच निखळलीय, त्यामुळे तो फडक्याने धरावा लागतो. कडेने निसटलेला बटाटा गॅसवर चर्र करायचा आणि ताई "वास बघ, वास!" म्हणून माझ्याकडे बघायची. वास खरंच जीवघेणा होता, पण बायको समोर उभी असताना नाक मोकळं सोडता येत नाही.

ज्याच्या नावाने हा पदार्थ ओळखला जातो, त्या अर्ल ऑफ सँडविचबद्दल सांगतात, की पत्त्यांच्या डावावरून उठायला नको म्हणून त्याने ब्रेडमध्ये मांस घालून मागवलं. खोळंबा टाळायला निघालेला हा पदार्थ आमच्याकडे दीड वाजला तरी ताटात पडला नव्हता.

पडला, तेव्हा दोघी माझ्या जबड्याकडे बघत बसल्या. बायकोचा तुकडा भरकन संपवला, तर ताई म्हणाली, "भूक लागली होती वाटतं." ताईचा चवीने, सावकाश खाल्ला, तर बायको म्हणाली, "नको असेल तर ठेवा." मी घसा खाकरून म्हटलं, "दोन्ही आपापल्या जागी..."

"बाळ्या, शाळेतही तू असाच होतास," ताई म्हणाली. बायको काहीच म्हणाली नाही. ते जास्त गंभीर असतं.

मग मी सजावट, कुरकुरीतपणा, चटणीचा पोत असे वेगवेगळे गुण द्यायला घेतले. बेरीज होईपर्यंत संध्याकाळ होईल आणि ताई घरी जाईल, असा हिशेब होता. तेवढ्यात स्वयंपाकघरातून समाधानी चावण्याचा आवाज आला.

बाबा ओट्याला टेकून उभे होते. ब्रेडच्या पाकिटातले शेवटचे दोन जाड तुकडे, त्यांत ताईची उरलेली भाजी, बायकोची उरलेली चटणी, बाजूला कापून टाकलेल्या कडांचा ढीग.

"झकास झालंय. फक्त मीठ कमी आहे."

"बटरमध्ये असतं, बाबा!" दोघी एकदमच ओरडल्या.

"अस्सं? मग बटर लावायचं राहिलं की. आणा बघू इकडे."

बटरचा डबा ताईने उचलला, झाकण बायकोने लावलं.