‘पडद्यावर छान दिसतंय ना, मग स्कोप कशाला?’

लाइव्ह कार्यक्रमासाठी संगणकावर व्हिडिओ सॉफ्टवेअर बसवायला घेतलं की एक सल्ला कोणी ना कोणी पाठवतंच. त्याचा सारांश असा: वेव्हफॉर्म, वेक्टरस्कोप असे स्कोप, म्हणजे चित्राची उजळी आणि रंग मोजून आलेखात दाखवणारी साधनं, ही टीव्ही चॅनेलवाल्यांची थेरं आहेत. ओबीएस (लाइव्ह प्रक्षेपणाचं मोफत सॉफ्टवेअर) टाका, कलर रेंज ‘फुल’ करा, आवाज लाल पट्ट्याला टेकेपर्यंत चढवा, चित्र अडखळलं तर बिटरेट (दर सेकंदाला पाठवायचा डेटा) उतरवा, आणि पडद्यावर छान दिसलं की लाइव्ह जा. दहा मिनिटांचं काम.

आधी ‘छान दिसलं की झालं’ हे बघू. कोणाच्या पडद्यावर छान? एसडीआर, म्हणजे एचडीआर नसलेल्या नेहमीच्या चित्रासाठी संदर्भ मॉनिटरची उजळी १०० निट्स (निट हे उजळीचं एकक) आणि पांढरा रंग डी६५, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा ठरावीक पांढरा, धरतात. आपल्या लॅपटॉपची उजळी खोलीतल्या प्रकाशाप्रमाणे आपोआप बदलते आणि संध्याकाळ झाली की निळा रंग कमी करणारी सोय गुपचूप सुरू होते. त्यात डोळा मुलखाचा समजूतदार. पिवळट पांढऱ्याकडे पाच मिनिटं पाहिलं की तो त्यालाच पांढरं मानू लागतो. स्कोपला अशी सवय लागत नाही. एसडीआय केबलच्या (व्यावसायिक कॅमेऱ्याचा डिजिटल व्हिडिओ नेणाऱ्या केबलच्या) बाबतीत तर डोळा आणखी फसतो. केबल लांबत जाते तसा सिग्नल खालावत जातो, पण चित्र अगदी शेवटपर्यंत लखलखीत असतं आणि मग एकदम फुटतं. कड्याच्या टोकावर उभं असतानाही पडदा म्हणतो, सगळं ठीक.

आता ‘रेंज फुल करा, रंग भरून येतात’. माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान हे वाक्य करतं, कारण ते करून पाहिलं की खरं वाटतं. ८ बिट व्हिडिओत उजळीला ० ते २५५ असे आकडे असतात. प्रचलित पद्धतीत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. ‘फुल’मध्ये ते ० आणि २५५ वर जातात. पाठवणाऱ्याने ‘फुल’ पाठवलं आणि समोरच्याने ते १६ ते २३५ समजून वाचलं, तर १६ च्या खालचं सगळं काळं आणि २३५ च्या वरचं सगळं पांढरं होतं. केसांतल्या बटा आणि पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या गेल्या, म्हणून चित्र ‘उठून’ दिसतं. ज्याला लोक रंग भरणं म्हणतात, ती इथे तपशिलाची कत्तल असते.

उलट चूक मी स्वतः केली आहे. कॅप्चर कार्ड (कॅमेऱ्याचं चित्र संगणकात घेणारं कार्ड) १६ ते २३५ देत होतं, सॉफ्टवेअरला मी ‘फुल’ सांगितलं होतं. चित्र धुरकट झालं आणि खोलीतल्या सगळ्यांनी ‘सिनेमासारखं दिसतंय’ म्हणून कौतुक केलं! काळ्याकडून पांढऱ्याकडे जाणारी राखाडी पट्टी कॅमेऱ्याच्या जागी लावून वेव्हफॉर्म पाहिला असता, तर चूक पाच सेकंदांत सापडली असती. वेव्हफॉर्मवर त्या पट्टीची तिरपी रेघ उमटते, ती ० ते १०० टक्के जायला हवी. या चुकीत ती साधारण ६ ते ९२ टक्क्यांत अडकते. आधीच्या चुकीत तिची दोन्ही टोकं सपाट होतात.

बिटरेट उतरवण्याबद्दल थोडक्यात. ओबीएसच्या आकडेवारीच्या चौकटीत गळालेल्या फ्रेमचे तीन वेगळे आकडे असतात: नेटवर्कमुळे गेलेल्या, एन्कोडर (पाठवण्याआधी चित्र दाबून लहान करणारा भाग) मागे पडल्यामुळे गेलेल्या आणि ग्राफिक्स कार्डाला चित्र रचायला वेळ न पुरल्यामुळे गेलेल्या. बिटरेटचा उपाय फक्त पहिल्यावर. बाकी दोन आकडे वाढत असतील तर चित्र उगाच खराब होईल आणि अडखळणं तसंच राहील.

आवाजाचं मीटर लालापर्यंत चढवणाऱ्यांना एक प्रयोग सुचवतो. साधं बोलणं आणि दणदणीत संगीत, दोन्हींची शिखरं मीटरवर एकाच रेघेला आणा आणि ऐका. संगीत कितीतरी मोठं वाटेल, कारण ते मीटर शिखर दाखवतं. कानाला जाणवणारी पातळी वेगळी मोजावी लागते. तिच्यासाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं बीएस.१७७० हे मापन आहे. त्याच्याच आधारावर युरोपीय प्रसारकांच्या आर१२८ शिफारशीत उणे २३ एलयूएफएस (जाणवणाऱ्या आवाजाचं एकक) ही पातळी आणि उणे १ डेसिबल खऱ्या शिखराची मर्यादा ठरली. आपण ज्या ऑनलाइन मंचावर लाइव्ह जातो त्याची पातळी वेगळी असेल, मोजायची रीत तीच.

स्कोपवाल्यांचंही एक अति आहे, तेही सांगून टाकतो. ‘सॉफ्टवेअर स्कोप आला, आता हार्डवेअर स्कोप भंगारात’ हे खरं नाही. कार्ड सिग्नल आत घेतानाच सावरून घेतं, त्यामुळे केबलमधला जिटर (सिग्नलच्या वेळेतली थरथर) किंवा आय पॅटर्न (सिग्नल किती स्वच्छ आहे ते दाखवणारी आकृती) सॉफ्टवेअरला दिसूच शकत नाही. शिवाय ड्रायव्हरने वाटेतच सिग्नल ८ बिट आरजीबी (लाल-हिरवा-निळा) केला, तर २३५ च्या वरचा भाग स्कोपपर्यंत पोचण्याआधीच कापलेला असू शकतो. ओबीएसमध्ये वेव्हफॉर्मसाठी प्लगइन घालावं लागतं. ते कॅमेऱ्याच्या स्रोतावर लावलंय की अंतिम प्रोग्रॅमवर (प्रेक्षकांकडे जाणाऱ्या चित्रावर), हे ठरवल्याशिवाय त्याच्या रेघांना अर्थ नाही. मी दोन्हीकडे लावतो.

राहिली ती दहा मिनिटं. तेवढ्यात सॉफ्टवेअर बसतं, मान्य. पण माइक थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये आणि कॅमेरा कॅप्चर कार्डातून आला की चित्र मागे पडतं आणि आवाज आधी पोचतो. नेमकं हेच माणसाला लवकर खटकतं: आयटीयूच्या शिफारशीनुसार आवाज उशिरा असेल तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही, आधी आला तर ४५ पुरतात. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेमच ४० मिलिसेकंदांची. म्हणून कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवायची, रेकॉर्डिंग एडिटरमध्ये उघडून फ्रेम मोजायच्या, तेवढा उशीर माइकला द्यायचा आणि पुन्हा टाळी वाजवायची. माझी तरी तिसऱ्या टाळीआधी कधी जुळलेली नाही.