दारावर टकटक करून गाडी कळत नाही, काका

आज दुपारी इथे अमेरिकेत एका मित्राच्या ड्राइव्हवेमध्ये जे बघितलं त्यानं डोकं फिरलंय, म्हणून हे लांबलचक लिहितोय. ज्यांना गाड्यांचं काही पडलेलं नाही त्यांनी खुशाल पुढे सरका.

मित्र त्याची २०१३ ची ह्युंदाई सोनाटा विकतोय. २.४ लिटरचं इंजिन, ९२ हजार मैल. दर पाच हजार मैलांना ऑइल बदलल्याच्या पावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या, रिकॉलची (दोष निघाला म्हणून कंपनीनं गाडी परत बोलावून करून दिलेली) सगळी कामं झाल्याचे कागद त्याच फाइलीत. धाकट्या मुलीला कॉलेजसाठी गाडी हवी म्हणून एक काका बघायला आले. साठीचे असतील. गाडीभोवती एक चक्कर मारली, मागच्या दारावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान जवळ नेला आणि म्हणाले, "पत्रा आहे हो. शेवटी ह्युंदाई ती ह्युंदाईच." झालं. बॉनेट उघडलं नाही, फाइलीला हात लावला नाही, गाडी सुरू करून बघितली नाही. पाच मिनिटांत परत.

अहो काका, दाराचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ मिलिमीटरचा असतो. तुमच्या भरवशाच्या जपानी गाडीचाही जवळपास तेवढाच, आणि तिप्पट किमतीच्या जर्मन गाडीचाही. टकटक केल्यावर जो आवाज येतो तो पत्र्याच्या आतून डांबरासारखी पट्टी कुठे चिकटवली आहे त्याचा असतो. हात चार इंच सरकवा, त्याच दारावर दुसरा आवाज येईल. दार लावताना जो 'धप्प' असा भारदस्त आवाज येतो आणि ज्यावर माणसं हजारो डॉलर उधळतात, तो असतो कुलपाच्या खटक्याचा, चौकटीच्या रबराचा आणि त्या पट्टीचा. धडकेत जीव वाचवतं ते या पत्र्याच्या आतलं, दाराला आडवं टाकलेलं जाड पोलादी बीम आणि दोन दारांमधला खांब. ते टकटक करून ऐकू येत नाही. २०१० मध्ये अमेरिकी सरकारनं अपघात चाचणीचे तारे कडक केले, तेव्हा पहिल्या यादीत पूर्ण पाच तारे दोनच गाड्यांना मिळाले. एक बीएमडब्ल्यूची ५ सिरीज. दुसरी सोनाटा, म्हणजे हेच मॉडेल. ज्याच्यावर तुम्ही टकटक करून गेलात तेच.

आता कमेंटमध्ये कोणीतरी एक्सेल, म्हणजे ह्युंदाईची ती जुनी स्वस्त गाडी, आणणारच, म्हणून मीच आणतो. हो, नाव खराब झालं ते उगाच झालं नाही. १९८६ मध्ये ह्युंदाई अमेरिकेत आली ती ४,९९५ डॉलरची एक्सेल घेऊन. पहिल्याच वर्षी १,६८,८८२ गाड्या विकल्या. इंजिनाचं तंत्र मित्सुबिशीचं, आकार इटालियन डिझायनर जुजारोचा, आणि बाकी सगळं शक्य तितकं स्वस्त. गाड्या वेळेआधी खिळखिळ्या झाल्या, सेकंडहँडला कोणी विचारेना, टीव्हीवर विनोद सुरू झाले. ते विनोद गाड्यांपेक्षा जास्त टिकले.

पण त्यानंतर काय झालं ते कोणी बघायचं? १९९१ मध्ये या कंपनीनं स्वतःचं पहिलं इंजिन काढलं, अल्फा. आणि २००२ मध्ये मित्सुबिशी, क्रायस्लर आणि ह्युंदाई यांनी मिळून एक इंजिन करायचं ठरवलं तेव्हा मूळ आराखडा कोणाचा होता? ह्युंदाईचा. सोळा वर्षांपूर्वी ज्या मित्सुबिशीचं इंजिन घेऊन ही कंपनी अमेरिकेत उतरली, ती मित्सुबिशी आता हिच्या आराखड्यावर इंजिन बनवणार होती. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्यानं पुढच्या बाकावरच्याला वही द्यावी तसं झालं हे.

आणि वॉरंटी. १९९८ मध्ये इंजिन-गिअरबॉक्सला १० वर्षं किंवा १ लाख मैल, बाकी गाडीला ५ वर्षं किंवा ६० हजार मैल. लोक हसले, म्हणाले बुडतील. यातली खरी गंमत अशी की वॉरंटी द्यायची म्हटल्यावर प्रत्येक फुटका पार्ट कंपनीच्याच खिशातून जातो. मग डिझाइनवाला, पार्ट पुरवणारा आणि जोडणारा, तिघांनाही एकाच टेबलाशी बसावं लागतं. १९९९ मध्ये चुंग माँग-कू अध्यक्ष झाले आणि त्यांनी हेच टेबल धरून ठेवलं. नव्या गाड्यांतल्या तक्रारी मोजणाऱ्या जे. डी. पॉवर या संस्थेच्या २००६ च्या यादीत पोर्शे आणि लेक्सस यांच्यानंतर तिसरं नाव ह्युंदाईचं होतं.

(सेकंडहँड घेणाऱ्यांनी इथे थांबा. ती १० वर्षं फक्त पहिल्या मालकाला. दुसऱ्याच्या नावावर गाडी गेली की इंजिन-गिअरबॉक्सचंही ५ वर्षं आणि ६० हजारच. कंपनीच्या सर्टिफाइड योजनेतून डीलरकडून घेतलीत तर मूळ तारखेपासूनची १० वर्षं परत मिळतात. विकणारा "वॉरंटी आहे" म्हणाला की कोणती आणि कोणाला, हे विचारा.)

२०११ च्या फ्रँकफर्ट मोटर शोमधली ती क्लिप आठवते का? फोक्सवागनचे तेव्हाचे प्रमुख विंटरकोर्न ह्युंदाईच्या आय-३० मध्ये जाऊन बसतात. बारकाईनं तपासतात, मग स्टीअरिंगचा कॉलम वर-खाली करणारा खटका ओढतात. आवाज येत नाही. पुन्हा ओढतात. मग आपल्याच माणसाला बोलावून त्याला झापतात की यांचं खडखडत नाही, हे यांना जमतं, मग आपल्याला का नाही? आवाज ऐकायचाच तर असा ऐकावा, काका. जिथे हलता सांधा आहे तिथे.

इतकं लिहिल्यावर आता मीच चिडतोय, आणि काकांवर नाही. कंपनीवर.

कारण जे. डी. पॉवरचा तो सर्व्हे गाडीचे पहिले ९० दिवस मोजतो. ९० दिवसांत रेडिओ चालला, दार नीट लागलं, सीट करकरली नाही, की गुण मिळतात. इंजिनाच्या आत काय चाललंय ते तिथे दिसत नाही. २०११ पासूनच्या ह्युंदाईच्या थीटा-२ इंजिनांत तेच झालं. २.४ लिटर आणि २.० टर्बो. क्रँकशाफ्टमध्ये, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्यात, ऑइल जायला बारीक भोकं पाडलेली असतात. ती पाडताना निघालेला धातूचा कीस सगळा धुऊन निघाला नाही. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांशाइतकी फट असते आणि त्या फटीत ऑइलचा थर हवा. कीस अडकला, ऑइल अडलं, बेअरिंग झिजलं, आणि हायवेवर इंजिन जाम. २०१५ मध्ये २०११-१२ च्या सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा परत बोलावल्या, २०१७ मध्ये २०१३-१४ च्याही. कंपनीतल्याच एका इंजिनिअरनं हे उघड केलं. २०२० मध्ये ह्युंदाई आणि किया यांना मिळून २१ कोटी डॉलरचा दंड झाला, रिकॉल उशिरा आणि अपुरा केला म्हणून. स्टीअरिंगचा खटका गुळगुळीत करायला वेळ होता, भोकं धुवायला नव्हता!

आणि चोऱ्या. चावी फिरवून सुरू होणाऱ्या, बटण नसलेल्या बऱ्याच मॉडेलांत इमोबिलायझरच, म्हणजे खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा भागच, नव्हता. कॅनडात २००७ पासून कायद्यानं सक्ती, म्हणून तिकडे विकलेल्या गाड्यांत तो आहे. सीमेच्या अलीकडे, अमेरिकेत, सक्ती नाही, म्हणून नाही. काही डॉलर वाचवले. मग पोरं यूएसबीचं टोक खुपसून गाड्या पळवायला लागली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मोफत सॉफ्टवेअर आलं. बैल गेला आणि झोपा केला. ते टाकून घेतलंत तरी एक लक्षात ठेवा. गाडी रिमोटनंच लॉक करायची. दारावरचं बटण दाबून लॉक केलंत तर इग्निशन अडवणारा भाग जागा होत नाही.

असो. रागाच्या भरात कामाचं राहून जायला नको. त्या फाइलीत जे होतं ते काकांनी बघायला हवं होतं, म्हणून सांगतो.

आधी व्हिन, म्हणजे गाडीचा १७ अक्षरी-आकडी ओळखक्रमांक. ड्रायव्हरच्या बाजूला काचेखाली, बाहेरूनच वाचता येतो. तो एनएचटीएसएच्या (अमेरिकी सरकारच्या रस्ते-सुरक्षा खात्याच्या) साइटवर टाकला की राहिलेले रिकॉल समोर येतात. एबीएसच्या, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेकच्या, मॉड्युलमध्ये आतल्या आत गळती होऊन आग लागण्याचाही एक मोठा रिकॉल आहे. तो बाकी दिसला तर काम होईपर्यंत गाडी घरापासून लांब, उघड्यावर लावायची. यात आळस नको. मग इंजिन. थीटा-२ असेल तर नॉक सेन्सरचं सॉफ्टवेअर टाकलेलं आहे का, त्याचा कागद मागा. बेअरिंग झिजायला लागलं की त्याची कंपनं हे सॉफ्टवेअर ओळखतं, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो, पी १३२६ कोड येतो आणि गाडी १८०० ते २००० आरपीएमच्या वर जाऊ देत नाही. म्हणजे इंजिन फुटायच्या आधी तुम्ही कडेला लागता. ते टाकलेलं असेल तर या बेअरिंगच्या दुखण्यापुरती शॉर्ट ब्लॉकची (इंजिनाच्या खालच्या मुख्य भागाची) वॉरंटी आयुष्यभराची आहे, पुढच्या मालकालाही. पण देखभाल केल्याच्या पावत्या हव्यात. म्हणून ती फाइल दारापेक्षा महत्त्वाची होती.

गाडी बघायला जाताना इंजिन गार असलं पाहिजे. "तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली" असं कोणी म्हणालं की मला पहिली शंका तिथेच येते. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढा, पुसा, घाला, परत काढा. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर मालकानं कधी बघितलेलं नाही हे कळलं. मग सुरू करा. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारी ही इंजिनं मुळातच शिलाई मशीनसारखी टिकटिकतात, त्याला घाबरू नका. घाबरायचं ते खालून येणाऱ्या जड ठोक्याला. आरपीएम दोन-अडीच हजारांवर नेऊन पाय हळूच सोडा, तेव्हा 'टक् टक्' ऐवजी 'ठक् ठक्' ऐकू आलं आणि वेगाबरोबर त्याची लय बदलली, तर चावी परत द्या आणि घरी या.

ही इंजिनं ऑइलही पितात. पिस्टनच्या ऑइल रिंग काजळीनं चिकटतात. डीलरकडे चाचणी होते: ऑइल भरून सील करतात, हजार मैल चालवून परत आणायची, एक क्वार्टपेक्षा (जवळपास एक लिटर) जास्त गेलं तर नापास. तोवर दर हजार मैलांनी स्वतः डिपस्टिक बघायची. ऑइल बदलायला अजून चार हजार मैल आहेत म्हणून बॉनेटच न उघडणारा माणूस इथे मरतो. आणि मग फेसबुकवर लिहितो की ह्युंदाई डबा.

बाकी दुखणी किरकोळ आहेत आणि मालक मंडळी एकमेकांना सांगत असतात. हळू वेगात स्टीअरिंग वळवताना 'कट्' असं हाताला लागतं? इलेक्ट्रिक स्टीअरिंगच्या मोटरपाशी एक रबरी कपलिंग असतं, बाटलीच्या झाकणाएवढं, ते चुरतं. अख्खा कॉलम बदला म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याला नमस्कार करा. कॉलम उतरवायचा, मोटर काढायची, रबर बदलायचं, परत जोडायचं. पार्ट चिल्लर, मजुरी जास्त. पायाशी मॅटवर प्लास्टिकचा चुरा दिसला आणि गाडी बंद असताना मागचे लाल दिवे जळताहेत? ब्रेक पेडलवरचा स्टॉपर गेला. बोटाच्या पेराएवढी वस्तू, पण सकाळी बॅटरी मेलेली. या दोन्ही गोष्टी एक्सेलच्या काळातल्या नाहीत, आताच्याच आहेत. मी कुठे म्हणतोय की गाडी निर्दोष आहे?

जेवण झालं आणि आता राग जरा उतरलाय. एक गोष्ट वर मुद्दामच लिहिली नव्हती. जाता जाता काकांनी मित्राला सांगितलं की १९८८ मध्ये शिकायला आले तेव्हा त्यांनी एक स्वस्त सेकंडहँड गाडी घेतली होती. कुठल्या कंपनीची ते आम्ही विचारलं नाही. पहिल्या हिवाळ्यात रात्री हायवेच्या कडेला तीन तास उभे होते, फोन नाही, अंगात कोट नाही. दार गंजून असं झालं होतं की बोट लावलं तर आत जायचं. तेव्हापासून कुठलीही गाडी बघितली की ते आधी दारच वाजवतात. मुलीला त्या जागी उभं करायचं नव्हतं त्यांना, एवढंच. ते कळल्यावर मी काय बोलणार?

तरीही बॉनेट उघडायला हवं होतं.

काकांच्या मुलीच्या मैत्रिणींपैकी कोणी ही पोस्ट वाचत असेल तर निरोप पोचवा. काका, गाडी अजून विकलेली नाही. रविवारी सकाळी आठच्या आत या, इंजिन गार असेल. फाइल पुढच्या सीटवर काढून ठेवायला सांगतो. दार वाजवलंत तरी चालेल, पण आधी डिपस्टिक.