व्होल्टचा आकडा बघून ड्रिल घेऊ नका

गणपती जवळ आले की ओळखीतले लोक विचारायला लागतात, कॉर्डलेस ड्रिल कुठलं घेऊ? थर्माकोलवर राज्यात 2018 मध्ये बंदी आली, तेव्हापासून बऱ्याच घरांत प्लायचं आणि लाकडी पट्ट्यांचं मखर होतं. खिळ्यांऐवजी स्क्रूने जोडलं तर विसर्जनानंतर सुटं करून माळ्यावर ठेवता येतं. आणि ड्रिल एकदा घरात आलं की गॅलरीतली मांडणी, कपाटाची बिजागरी अशी कामं निघतच राहतात. म्हणून माझं मत एकदा सविस्तर लिहितो.

घरच्या कामासाठी 12 व्होल्टचं, दोन गिअरचं, दोन बॅटऱ्यांसह मिळणारं मशीन घ्या. कंपनी अशी बघा जिचं सर्व्हिस सेंटर मुंबईत आहे. बॉश, मकिता, डिवॉल्ट या सगळ्यांची या वर्गातली मशीनं येतात. सुट्या बॅटरीची किंमत खरेदीच्या दिवशीच विचारा, कारण काही वर्षांनी मशीन धडधाकट असतं आणि बॅटरी मरते. तीच मिळाली नाही तर सगळंच भंगारात.

ऑनलाइन स्वस्तात 48 व्होल्ट, 88 व्होल्ट छापलेली मशीनं दिसतात. लिथियम-आयन सेल साधारण 3.6 व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाल्यावर 4.2. तीन सेल ओळीने जोडले की 10.8, भरल्यावर 12.6; त्यालाच 12 व्होल्ट म्हणतात. पाच जोडले की 18, भरल्यावर 21. म्हणजे एका खोक्यावर 18, दुसऱ्यावर 20 मॅक्स आणि तिसऱ्यावर 21 असलं तरी आत पाचच सेल. खरे 48 व्होल्ट हवे तर तेरा सेल लागतील, ते त्या मुठीएवढ्या बॅटरीत मावणार कुठे? या आकड्यांचा मला मनापासून राग येतो. पहिल्यांदाच हत्यार घेणारा माणूस, बहुतेक वेळा पै-पै जमवून घेणारा, नेमका इथेच फसतो.

व्होल्टपेक्षा क्लच बघा. चकच्या, म्हणजे बिट (भोक पाडायचं किंवा स्क्रू फिरवायचं पातं) पकडणाऱ्या तोंडाच्या, मागे आकडे लिहिलेली जी रिंग असते, ती. ठरावीक जोर लागला की ती मोटरचा जोर तोडते आणि स्क्रूचं डोकं प्लायमध्ये बुडत नाही. पार्टिकल बोर्डच्या फर्निचरला तर क्लचशिवाय हात लावू नये. स्क्रू एकदा जागेवर फिरला की त्या भोकात पकड राहत नाही. लहान आकड्यापासून सुरुवात करा आणि एकेक वाढवत न्या. स्क्रूला पहिला गिअर, लाकडात भोक पाडायला दुसरा. प्लायच्या कडेजवळ स्क्रू मारताना आधी बारीक बिटने भोक पाडून घ्या, नाहीतर थर उकलतात.

आता भिंतीचं. बऱ्याच नव्या टॉवरमध्ये मिव्हान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात, ओतलेल्या सबंध काँक्रीटच्या भिंती असतात. जुन्या इमारतीत भिंत विटेची असली तरी पडद्याचा रॉड नेमका बीमवर येतो. कॉर्डलेसवर हातोडीचं चिन्ह असलं तरी आत दातेरी चकत्या एकमेकींवर घासून थरथर निर्माण करतात, एवढंच. विटेत 6 मिलिमीटरचं भोक त्याने पडेल. काँक्रीटमध्ये बिट तापतं, मोटर तापते, भिंत तशीच. तिथे रोटरी हॅमर लागतो, ज्यात हवेच्या दाबावर चालणारा पिस्टन बिटवर खरा ठोका मारतो. तो वायरवाला घ्या आणि मजल्यावरच्या चार घरांत मिळून घ्या. वर्षातून किती वेळा लागतो? एकाच मशीनने लाकूडही आणि काँक्रीटही व्हावं या हट्टापायी लोक जड मशीन घेतात आणि मग शिडीवर उभं राहून मखराच्या वरच्या पट्टीला स्क्रू मारताना मनगट भरून येतं. 12 व्होल्टचं मशीन किलोभराच्या आसपास असतं, आई-बाबाही सहज धरतात.

शक्य असेल तर दुकानात हातात घेऊन बघा. मशीदबंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांची दुकानं ओळीने आहेत. 3 मिलिमीटरचं बिट चकमध्ये लावून हळू फिरवायला सांगा आणि टोकाकडे बघा. टोक गोल गोल डोलत असेल तर आधी दुसरं बिट लावून बघा, तरीही डोललं तर ते मशीन नको. पक्कं बिल घ्या, वॉरंटी त्यावरच चालते. पैसे उरले तर चांगल्या बिटांवर घाला. लाकडाचं, लोखंडाचं आणि भिंतीचं बिट वेगळं असतं.

बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करायची, हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातला. लिथियमला तो उलट मारक आहे. मशीन मंदावलं की थांबा, थंड होऊ द्या, मग चार्जिंगला लावा. बरेच दिवस वापरणार नसाल तर अर्धी चार्ज करून घरातल्या कपाटात ठेवा. गॅलरीत नको, तिथे मे महिन्यात ऊन आणि जूनपासून ओल. बिटांना तेलाचं बोट फिरवून ठेवा, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ती एका पावसाळ्यात गंजतात.

कोणी घ्यायच्या विचारात असेल तर बजेट आणि काय काम करायचंय ते खाली लिहा, जमेल तसं सांगतो.