नायट्रोजनच्या टायरात साधी हवा मारली तर काय होतं? काहीच होत नाही

परवाच्या रविवारी अण्णा आणि आई कोरेगावहून साताऱ्याला आमच्याकडं आले, गाडीवरून. मे महिन्यातलं एक वाजताचं ऊन, मागं आई, आईच्या मांडीवर आंब्याची पिशवी. अण्णा गाडी स्टँडला लावत होते तेव्हा माझं मागच्या चाकाकडं लक्ष गेलं आणि पोटात गोळाच आला, टायर पार बसलेला. हवा मोजायचा गेज लावला तर १३ पौंड. चेन कव्हरवरच्या स्टिकरवर एकट्या माणसाला २८ लिहिलंय, मागं कोणी बसणार असेल तर त्याहून जास्त. हवा एवढी कमी असल्यामुळं टायर रिमवर सरकला होता, त्याच्यासोबत ट्यूब ओढली गेलेली आणि वॉल्व तिरका झालेला. असं झालं की ट्यूब वॉल्वच्या मुळाशी फाटू शकते आणि मग सगळी हवा एका झटक्यात जाते. हे माहुलीच्या पुलावर झालं असतं, मागून उसाचा नाहीतर वाळूचा ट्रक असता, तर काय झालं असतं ते मला लिहवतही नाही.

मी म्हणलं, "अण्णा, वाटेत दोन पंक्चरची दुकानं लागतात, हवा का नाही मारली?" तर म्हणाले, "आरं त्यात नायट्रोजन हाय. साधी हवा मारायची नसती त्यात, टायर फुटतो. मेसेज आलाय."

मेसेज मी त्यांच्या फोनवर वाचला, आणि मग बघितलं तर तो आमच्या भावकीच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, माझ्या शिफ्टच्या ग्रुपवर सगळीकडं फिरून झालाय. त्यात थोडक्यात असं म्हणलंय: नायट्रोजन ही थंड हवा आहे, ती तापत नाही, म्हणून उन्हाळ्यात टायर फुटत नाही. एकदा भरली की सहा महिने हवा बघायला लागत नाही. ॲव्हरेज वाढतं. रिम गंजत नाही. विमानात आणि रेसच्या गाड्यांत हीच वापरतात. सरकारनं बंधनकारक केलीय. आणि शेवटी लाल खुणा करून, नायट्रोजनच्या टायरात चुकूनही साधी हवा मारू नका, रिॲक्शन होऊन टायर फुटू शकतो.

शेवटच्यापासून सुरू करतो, कारण माझ्या आई-वडिलांच्या जिवावर आलं ते त्याच्यामुळं.

आपण श्वास घेतो त्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. २१ टक्के ऑक्सिजन, उरलेला एक टक्का इतर. म्हणजे हे दोन गॅस जगात सगळीकडं मिसळलेलेच आहेत, तुमच्या घरात, गोठ्यात, छातीत. ते नुसते एकत्र आल्यानं रिॲक्शन होत असती तर टायरापर्यंत जायचीही गरज पडली नसती. साधी हवा मारल्यावर फक्त एकच होतं, आतल्या नायट्रोजनची टक्केवारी थोडी खाली येते. बास. टायरला काही होत नाही, ट्यूबला काही होत नाही, रिमला काही होत नाही.

आता किती खाली येते तेही बघा, कारण हा हिशोब कोणी करत नाही. गेजवर १३ दिसतं तेव्हा आतला खरा दाब १३ अधिक बाहेरच्या हवेचा साधारण १४.७, म्हणजे २७.७ असतो. अण्णांच्या टायरात ९५ टक्के नायट्रोजन होता असं धरू, आणि कोरेगावातच साधी हवा मारून गेज २८ वर आणला असता असं धरू, तर आतलं मिश्रण ८९ टक्के नायट्रोजनचं झालं असतं. ९५ चं ८९. एवढ्यासाठी दोन म्हातारी माणसं १३ च्या हवेवर अठरा-वीस किलोमीटर आली.

आणि खरी चीड आणणारी गोष्ट पुढं आहे. मी विचारलं, दिवाळीत नायट्रोजन भरलं तेव्हा पंपावरच्या पोरानं आधी जुनी हवा सोडली होती का? "न्हाई, वरनंच भरलं." म्हणजे टायरात समजा २० हवा होती साधी, तिच्यावर मशीननं २८ पर्यंत ९५ टक्केवाला नायट्रोजन मारला. याचा हिशोब केला तर आत ८१ टक्के नायट्रोजन होतो. साध्या हवेत ७८, यात ८१. चाकाला वीस रुपये घेतले ते या तीन टक्क्यांसाठी. म्हणजे दिवाळीपासून अण्णांच्या टायरात जवळजवळ साधी हवाच होती, आणि त्या साध्या हवेत साधी हवा मारायला ते घाबरत होते! ट्यूबलेस टायरची हवा पिन काढून पूर्ण सोडली तरी बाहेरच्या दाबाएवढी हवा आत राहतेच, त्यामुळं खरंच ९५ पर्यंत पोचायचं तर भरून सोडणं, परत भरून परत सोडणं असं दोन-तीनदा करावं लागतं. दुचाकीला असं करणारा पंप मी तरी आपल्या भागात बघितलेला नाही.

हवा कमी असताना गाडी चालवली की होतं काय, तर टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते, दबते आणि सुटते, त्यानं रबर आतून तापतं. वर दोन माणसांचं वजन आणि खाली मे महिन्यातला डांबरी रस्ता. उन्हाळ्यात टायर फुटतात त्यातले बरेचसे असे फुटतात, हवा कमी, वजन जास्त, टायर जुना. म्हणजे टायर फुटू नये म्हणून जो मेसेज पाठवला तोच माणसाला टायर फुटायच्या परिस्थितीत नेऊन सोडतो. फॉरवर्ड करणाऱ्यांनी हे जरा डोक्यात घ्यावं.

आता "थंड हवा". गावाकडं हा समज कुठून आला असेल ते मला थोडं समजतं. गाई-म्हशीला कृत्रिम रेतन करायला येतात ते डॉक्टर जो कॅन आणतात, झाकण काढलं की ज्यातून पांढरा धूर निघतो, तो द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंशांचा. अण्णांनी तो चाळीस वर्षं बघितलाय. पण पंपावरच्या मशीनमधून येतो तो गॅस, आजूबाजूच्या हवेतूनच वेगळा काढलेला, आणि तो हवेएवढाच गरम असतो. बंद टायरात कुठलाही गॅस तापला की त्याचा दाब जवळजवळ सारख्याच प्रमाणात वाढतो, हा कॉलेजात शिकवतात तो साधा नियम आहे, त्यात नायट्रोजनला सवलत नाही. सकाळी २५ अंशाला २८ भरलेला टायर दुपारी ५५ अंशापर्यंत तापला तर गेज ३२ च्या आसपास दाखवणार. साधी हवा असो नाहीतर नायट्रोजन असो. आणि हा ४ चा फरक धोक्याचा नाही, स्टिकरवरचे आकडे गार टायरचे असतात, तापल्यावर वाढणार हे कंपनीनं धरलेलंच असतं. म्हणून गरम टायरची हवा जास्त दिसली म्हणून सोडायची नाही, हेही सांगून ठेवतो, कारण तेही लोक करतात.

इथं एक गोष्ट मला मान्य करावी लागते, आणि मी ती करतो कारण माझं कामच ते आहे. मी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, कॉम्प्रेसरशी माझा रोजचा संबंध. टाकीच्या खालचा कॉक उघडला की पाणी येतं, पावसाळ्यात तर भरपूर. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर कित्येक महिने कोणी ड्रेन केलेला नसेल तर ते पाणी हवेसोबत टायरात जातं. मग तापल्यावर त्याची वाफ होऊन दाब अजून पावणेदोन पौंडांपर्यंत वाढू शकतो, आणि लोखंडी रिमला गंज धरायला तेवढंच निमित्त. नायट्रोजनच्या मशीनमधून निघणारा गॅस कोरडा असतो, त्यामुळं हा त्रास कमी होतो. एवढं खरं आहे. पण तो फायदा कोरडेपणाचा आहे, नायट्रोजनचा नाही. ज्या दुकानदाराचा कॉम्प्रेसर रोज ड्रेन होतो त्याच्याकडं साधी हवा मारा, काम झालं. आणि आपल्याकडं रिम गंजतात ते बहुतेक बाहेरून, चिखलानं आणि गाडी धुऊन तशीच ठेवल्यानं.

सहा महिने हवा बघायची नाही हा दुसरा घातक मुद्दा. नायट्रोजन रबरातून ऑक्सिजनपेक्षा हळू झिरपतो हे खरं आहे. पण किती हळू? अमेरिकेत कंझ्युमर रिपोर्ट्स नावाची ग्राहकांसाठी वस्तू तपासून बघणारी संस्था आहे, जाहिरात न घेणारी. त्यांनी २००६ च्या सप्टेंबरपासून वर्षभर हे तपासलं. ३१ प्रकारचे चारचाकीचे टायर, प्रत्येकाची जोडी, एकात साधी हवा, एकात नायट्रोजन, दोन्हीत ३० भरून बाहेर ठेवून दिले. वर्षानंतर साध्या हवेचे टायर सरासरी ३.५ नं उतरले, नायट्रोजनचे २.२ नं. फरक १.३, तोही अख्ख्या वर्षाचा. महिन्याला विभागला तर पंक्चरच्या दुकानातल्या गेजवर दिसणारही नाही. आणि नायट्रोजनवालाही उतरलाच की! म्हणजे बघायला लागतंच.

बरं, ते टायर नुसते ठेवलेले होते. आपली गाडी रहिमतपूर रोडच्या खड्ड्यांतून जाते, रिमला ठोकर बसते, वॉल्वची पिन सैल होते, बाभळीचा काटा लागतो. भोकातून गळायला लागलं की नायट्रोजन काय आणि हवा काय, दोन्ही जातात. अण्णांचंही तेच झालं होतं, पिन गळत होती, थुंकी लावली की बुडबुडा दिसत होता. महिन्याला एकदा जरी गेज लावला असता तर तेव्हाच समजलं असतं. पण मेसेजनं सांगितलेलं ना, सहा महिने बघू नका. दिवाळी ते मे, सहा महिने.

विमानाचं म्हणाल तर ते खरंय, पण कारण वेगळं आहे आणि ते कारण मेसेजमध्ये कधीच नसतं. विमानाच्या टायरात दोनशेच्या आसपास दाब असतो आणि उतरताना ब्रेक प्रचंड तापतात. त्या उष्णतेनं टायरच्या आतल्या रबरातून पेट घेणाऱ्या वाफा सुटतात, आणि आत ऑक्सिजन असेल तर टायर आतल्या आत पेटून फुटू शकतो. ३१ मार्च १९८६ ला मेक्सिकोत मेक्सिकाना कंपनीचं बोइंग ७२७ विमान असंच पडलं, चाकात नायट्रोजनऐवजी साधी हवा भरलेली होती, ब्रेक अडकून तापला, उडाल्यानंतर टायर फुटला आणि विमानातली सगळी १६७ माणसं गेली. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या विमान खात्यानं मोठ्या विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत ऑक्सिजन ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको असा आदेश काढला. म्हणजे तिथं तो जिवाचा प्रश्न आहे. शंभर सीसीच्या गाडीचा ड्रम ब्रेक यवतेश्वरचा घाट उतरून आला तरी त्या तापमानाच्या जवळपासही जात नाही. आणि गंमत म्हणून नाही, मुद्दाम सांगतो, वरून भरलेल्या ८१ टक्केवाल्या टायरात ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास असतो, विमानाच्या नियमात तो कुठंच बसत नाही. रेसवाल्यांचं तर पाव-अर्ध्या पौंडानं गणित बदलतं, त्यांना कोरडा गॅस लागतो. आपल्याला दूध घालायला जायचंय.

सरकारनं बंधनकारक केलंय म्हणे. २०१९ मध्ये नितीन गडकरींनी राज्यसभेत यमुना एक्स्प्रेसवेवरच्या अपघातांबद्दल बोलताना टायरात नायट्रोजन बंधनकारक करायचा विचार चालू आहे असं सांगितलं होतं, मेसेजचं मूळ बहुतेक तिथं असावं. विचार चालू आहे आणि नियम झाला यात फरक आहे. दुचाकीला नायट्रोजन नाही म्हणून कोणाची पावती फाटलेली मला माहीत नाही.

ॲव्हरेजबद्दल फार लिहीत नाही. हवा बरोबर असली की गाडी हलकी पळते आणि पेट्रोल वाचतं, मग ती कुठलीही हवा असो. ज्याची गाडी २० वर चालत होती त्यानं नायट्रोजनच्या निमित्तानं २८ भरलं, त्याला फरक जाणवणारच, त्याचं श्रेय गॅसला देऊ नका.

पैशाचंही बघा. दोन चाकांचे चाळीस रुपये, महिन्याला भरलं तर वर्षाचे ४८०. पेट्रोल पंपावर साधी हवा फुकट द्यायची हा तेल कंपन्यांचाच नियम आहे, पंपवाला मशीन बंद आहे म्हणाला तर तक्रारवही मागा. पेनासारखा गेज मी दीडशेला घेतलाय, तो पाच वर्षं चालू आहे. ज्याला नायट्रोजन भरायचंय त्यानं खुशाल भरावं, त्यानं टायरचं वाईट काही होत नाही, माझं भांडण त्याच्याशी नाही. माझं भांडण "बघू नका" आणि "साधी हवा मारू नका" या दोन वाक्यांशी आहे.

त्या दिवशी संध्याकाळी पोवई नाक्याजवळ मागची ट्यूब बदलली, जुनी ट्यूब वॉल्वजवळ पांढरी पडून चिरत आली होती, ती मी अण्णांना हातात देऊन दाखवली. आई मागं बसणार म्हणून स्टिकरवरच्या दोघांच्या आकड्याएवढी साधी हवा मारली. गेज त्यांच्याकडं देऊन टाकला, सकाळी गाडी गार असताना कसा लावायचा ते दाखवलं. काल फोन आला होता, आता एकटाच गावात फिरतोय, मागं २६ दाखवतंय, मारू का थांबू? म्हणलं मारा, आत्ताच, शेजारच्याच दुकानात.